झरीला बदली झालीय? मग पेट्रोलचं आधी ऐका

२००८ साली सांगलीहून बँकेच्या बदलीवर यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीला आलो, तीन वर्षं काढून परत जायचं म्हणून. राहिलो ते राहिलोच. घर, दूध, कामवाली हे शेजारी सांगतील. कूलरच्या ताट्या मार्चातच बदलून घ्या, एप्रिलात मिस्त्री फोन उचलत नाही. उरलं गाडीचं.

पुण्या-सांगलीकडून आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, "इथं पॉवर पेट्रोल मिळतं का हो? साधं टाकलं तर नव्या इंजिनाची वाट लागेल ना?" आपल्याकडच्या लोकांना विदर्भात आलं की पाण्यापासून पेट्रोलपर्यंत सगळंच हलकं वाटतं. मलाही वाटायचं.

शंका अगदीच खोटी नाही. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं केसासारखी बारीक असतात. तिथं आणि व्हॉल्व्हवर काजळी धरू नये म्हणून पेट्रोलमध्ये साफसफाईचं रसायन घालतात. अमेरिकेत सरकारनं ठरवलेलं प्रमाण कमी पडतं म्हणून बीएमडब्ल्यू, होंडा, टोयोटा, जनरल मोटर्स यांनी २००४ मध्ये 'टॉप टियर' नावाचा वरचा दर्जा काढला. तिथल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१६ मध्ये चाचणी घेतली, तर त्या पेट्रोलवर काजळी सरासरी एकोणीसपट कमी बसली. म्हणजे रसायनानं फरक पडतो. पण ती पाटी आपल्या पंपांवर नसते, आणि आपण पॉवर पेट्रोलला जादा पैसे मोजतो ते बहुतेक त्यावरचा '९५' हा आकडा बघून. तो आकडा ऑक्टेनचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटू नये याचा, सफाईचा नव्हे. वीस टक्के इथेनॉलवालं साधं पेट्रोलही आता ९५ चंच आहे. शिवाय तुमची गाडी जीडीआय असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतच नाही. तिथली काजळी कुठलंही महाग पेट्रोल धूत नाही, इंजेक्टर तेवढा साफ राहतो.

लिटरमागे सात रुपये धरले तरी पस्तीस लिटरला अडीचशेच्या आसपास जातात. त्यात एअर फिल्टर घ्या. कापसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यानं ट्रॅक्टरमागे गाडी चालवून बघा, मग फिल्टर काढून झटका. मला काय म्हणायचंय ते कळेल.

आता माझी चूक. मे महिन्यातली दुपार, काटा लाल रेघेवर, पांढरकवडा लांब. रस्त्यालगतच्या किराणा दुकानात कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतून पेट्रोल टांगलेलं. चार बाटल्या ओतल्या. पाच-सहा किलोमीटरवर गाडी खोकायला लागली, चढावर खडखडली आणि बंद. मिस्त्रीनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "साहेब, राकेल पाजलं ना तुमी गाडीले! काऊन घेतलं बाटलीतलं?" टाकी उतरवली, पंप बदलला, इंजेक्टर धुतले, प्लग नवे. साडेचौदा हजार. बाटलीतलं घेऊ नका. दुकानदार ओळखीचा असला तरी घेऊ नका. तुमच्याच शाखेचा खातेदार असला तरी नाही.

ज्या पंपावर एसटी आणि ट्रकची रांग असते तिथंच भरा, साधंच भरा. तिथला माल रोज फिरतो. लहान गावात महाग पेट्रोलला गिऱ्हाईक कमी, ते टाकीत पडून राहतं असा माझा संशय आहे. शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो तुमचा हक्क आहे. नोझलचं टोक पुसून एक थेंब टाका. दोन मिनिटांत उडून गेला तर ठीक, तेलकट डाग राहिला तर निघा. घनताही मोजून मागता येते, फक्त चव्वेचाळीस अंश तापमानातला आकडा तक्त्यावरून १५ अंशांवर आणावा लागतो. पंपाच्या नोंदीपेक्षा घनमीटरमागे तीन किलोहून जास्त फरक आला तर तक्रार वही मागा. मी एकदा मागितली, तेव्हा मॅनेजरनं आधी चहा मागवला.

आणि उन्हाळ्यात दीड महिना गावी जाताना गाडी रिकाम्या टाकीनं उभी करू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकी भरलेली असली की आत हवा कमी राहते. भरून जा, आणि शेजारच्या पोराला चावी देऊन दर आठवड्याला गावाबाहेर एक फेरी मारायला सांगा. तो आनंदानं मारेल, कधी कधी दोन मारेल.