आधी रिलीज तपासा, मग कोड लिहा

"दादा, ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करू?" नांदेड, परभणी, लातूरकडची इंजिनिअरिंगची मुलं मला हे नेहमी विचारतात. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. बहुतेकांनी 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे नवख्याला झेपेल, असं लेबल लावलेलं काम शोधलेलं असतं. तिथं आधीच रांग लागलेली असते आणि उत्साह मावळतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. प्रकल्पाचं पुढचं रिलीज, म्हणजे लोकांसाठी बाहेर काढायची पुढची आवृत्ती, कशावर थांबलंय ते बघा आणि तिथं हात लावा.

मी हे शिकलो अपाचे एजवर. पोस्टग्रेस या डेटाबेसवर बसणारं हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, आहे. रोजच्या टेबलांशेजारीच ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं, ठेवता येतो आणि सायफर या ग्राफसाठीच्या भाषेत प्रश्न विचारता येतात. एका कोरियन कंपनीने सुरू केलेलं हे काम २०२० मध्ये अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या प्रकल्पांच्या उमेदवारीत, आलं आणि २०२२ मध्ये पूर्ण दर्जाचा प्रकल्प झालं.

सरावासाठी मी आपल्याकडच्या पाण्याचा ग्राफ केला. नाथसागर, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी हे नोड, म्हणजे बिंदू. नद्या आणि कालवे या कडा, म्हणजे जोडरेषा. नाथसागरातून विष्णुपुरीला पाणी कसं कसं पोचू शकतं, असं विचारलं की दोन वाटा मिळतात. एक सरळ गोदावरीने. दुसरी पैठणच्या उजव्या कालव्याने माजलगाव धरणात, तिथून सिंदफणेने परत गोदावरीत. टेबलांसाठीच्या साध्या एसक्यूएल भाषेत याला रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी, क्वेरी लिहीत बसावं लागतं, सायफरमध्ये एका ओळीत होतं. असा आपल्या ओळखीचा डेटा जवळ ठेवा. उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला बघताक्षणी कळतं, आणि रिलीज तपासताना त्याचाच उपयोग होतो.

आता नियोजनाकडे येऊ. 'काम ऐंशी टक्के झालं' असं इथं कोणी सांगत नाही आणि सांगितलं तरी त्याला अर्थ नसतो. प्रगती मोजायची ती उरलेल्या अडथळ्यांवरून: कोणते दोष सुटल्याशिवाय रिलीज काढता येत नाही, कोणते पुढच्या खेपेला ढकलले, कोणत्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या कोणत्या वेगळ्या शाखेवर, चाचण्या पास होत नाहीत. एजमध्ये आणखी एक पेच आहे. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं आधार मिळतो. दर मोठ्या आवृत्तीत आतली फंक्शनं थोडीफार बदलतात, म्हणून एजला प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी ब्रँच सांभाळावी लागते. एक दुरुस्ती झाली की ती या ब्रँचेसवर एकेक करून न्यावी लागते. या कामात झळकण्यासारखं काही नाही, त्यामुळे हात कमी पडतात. नवख्याला जागा मिळते ती इथंच.

इथं काय दिसतं ते सांगतो. 'मेक इन्स्टॉलचेक' ही चाचण्यांची आज्ञा चालवली की प्रत्येक चाचणीचा निकाल अपेक्षित निकालाशी ताडला जातो. फरक निघाला तर 'रिग्रेशन डॉट डिफ्स' नावाची फाइल तयार होते. ती उघडा. उणे चिन्हाच्या ओळी म्हणजे जे यायला हवं होतं ते, अधिक चिन्हाच्या म्हणजे जे आलं ते. कधी दिसतं की ओळी त्याच आहेत, फक्त खालीवर झाल्यात. म्हणजे इंजिन बिघडलेलं नाही. क्रम लावायला सांगितला नसेल तर पोस्टग्रेस क्रमाची हमी देत नाही, आणि नव्या आवृत्तीत प्लॅनरने, म्हणजे उत्तर कसं काढायचं ते ठरवणाऱ्या भागाने, वेगळी पद्धत निवडली की क्रम बदलतो. चाचणीत 'ऑर्डर बाय' ही क्रम लावायची सूचना घातली की काम झालं. पण अधिक चिन्हाच्या ओळीत किंमतच वेगळी आली असेल, तर तो खरा दोष. हा फरक ओळखता येणं हीच मला यातली मोठी कमाई वाटते.

मग येतं मतदान. रिलीज मॅनेजर आधी 'रिलीज कँडिडेट', म्हणजे मंजुरीसाठीची उमेदवार आवृत्ती, मांडतो. अपाचेच्या रीतीप्रमाणे मतदान किमान ७२ तास खुलं ठेवतात, कारण माणसं जगभर विखुरलेली आणि बरीचशी नोकरी सांभाळून काम करणारी. प्रकल्प समितीच्या किमान तीन सदस्यांचं होकारार्थी मत लागतं, आणि होकार नकारांपेक्षा जास्त हवेत. समितीबाहेरच्यांचं मत बंधनकारक नसतं, पण देता येतं. पहिल्या आठवड्यातल्या मुलालाही देता येतं!

नुसतं 'माझा होकार' लिहू नका. सोर्सची फाइल उतरवा, सही आणि चेकसम ताडा (फाइल खरी आणि न बदललेली आहे हे त्यावरून कळतं), लायसन्स आणि नोटीस या फाइली आहेत का बघा, मग बिल्ड करून, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून, चाचण्या चालवा. कोणतं उबुंटू (ऑपरेटिंग सिस्टिम), कोणतं पोस्टग्रेस, काय चालवलं, काय निघालं, हे चार ओळींत लिहा. यासाठी साधा लॅपटॉप पुरतो. लाईट गेली तरी मुदत तीन दिवसांची असते. गंभीर दोष तुमच्या हातून सापडला तर कँडिडेट मागे घेऊन नवा काढला जातो, आणि त्या चर्चेत तुमचं नाव कायम राहतं. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा मी याला जास्त वजन देतो.

पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्तीचा पहिला बीटा, म्हणजे चाचणीसाठीचं रूप, साधारण मे महिन्यात येतो आणि पक्की आवृत्ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. तुमच्या सेमिस्टर परीक्षा उरकतात त्याच सुमारास तो बीटा हाती येतो. त्यावर एज बिल्ड करून बघा. जिथं कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम बनवणारं साधन) अडेल, तिथला फाइलचा ओळ क्रमांक आणि पूर्ण संदेश घेऊन इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडा, आणि आधी कोणी उघडलेला असेल तर त्याच्याच खाली तुमचा निकाल जोडा.