मेडिकलला रिजेक्ट झालात आणि जीपीए कमी आहे? परत अप्लाय करताना या चुका टाळा

लेकीने पहिल्या वर्षी २२ कॉलेजांना अर्ज केले आणि इंटरव्ह्यू एकही आला नाही. मार्चमध्ये शेवटचा नकार आला आणि एप्रिल संपायच्या आत आम्ही घरात ठरवूनही टाकलं की मे महिन्यात ॲमकॅस, म्हणजे मेडिकल कॉलेजांचे अर्ज भरायची सामाईक वेबसाइट, उघडलं की लगेच परत भरायचं, तोच अर्ज, तेच पर्सनल स्टेटमेंट, फक्त कॉलेजं जरा जास्त. सुदैवाने तिच्या कॉलेजच्या प्री-मेड ॲडव्हायजर बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, गेल्या वर्षीपासून तुझ्या फाईलमध्ये नवीन काय आहे? उत्तर नव्हतं. इथे अमेरिकेत आपल्या बऱ्याच मराठी घरांत आत्ता हेच चाललेलं मला दिसतं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

लगेच परत भरणं

ही सगळ्यात मोठी चूक. २०२३ साली एमडीच्या (इथली डॉक्टरची नेहमीची पदवी) प्रवेशासाठी ५२ हजारांवर मुलांनी अर्ज केले होते, त्यातली साधारण २३ हजार आत गेली, आणि आत गेलेल्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे कॉलेजच्या मार्कांची चारपैकी सरासरी, होता ३.७७. आमच्या लेकीचा ३.२, आणि सायन्सचा, म्हणजे बायो केमिस्ट्री फिजिक्स मॅथ्स मिळून ज्याला बीसीपीएम म्हणतात तो, २.९. असा आकडा असताना नकारानंतर दोन महिन्यांत परत अर्ज केला तर त्या दोन महिन्यांत बदलणार तरी काय? बरं, पुष्कळ कॉलेजं सेकंडरीत, म्हणजे मूळ अर्जानंतर प्रत्येक कॉलेज जे वेगळे निबंध मागतं त्यात, सरळ लिहायला लावतात की मागच्या वेळेपासून काय बदललं. तिथे लिहायला ठोस काही हवं. एक वर्ष थांबलं तर मूल मागे पडेल ही भीती मला समजते, मलाही होती, पण दुसऱ्यांदा नकार आला की तिसऱ्या वेळचा अर्ज फार जड जातो.

जीपीएचं गणित न करता कोर्स घेणं

आम्ही एका रविवारी डायनिंग टेबलवर ट्रान्सस्क्रिप्टची (कॉलेजच्या मार्कशीटची) प्रिंट पसरली, लाल पेनाने ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सी प्लसला गोल केला, आणि एक्सेलमध्ये बसून हिशोब केला. १२० क्रेडिटला ३.२ म्हणजे ३८४ पॉइंट. पुढे ३० क्रेडिट घेतले आणि सगळ्यांत ए (म्हणजे चार पॉइंट) मिळाला तरी एकूण होतो ३.३६. बघून लेकीचा चेहरा उतरला. मग तेच सायन्सचं केलं, ५० क्रेडिटला २.९, त्यात ३० सायन्सचे क्रेडिट ए ने, तर २.९ चा होतो ३.३१, हा फरक डोळ्यात भरतो. शिवाय ॲमकॅस प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळा दाखवतं आणि डिग्रीनंतर घेतलेल्या पोस्ट-बॅक कोर्सेसची ओळ वेगळी असते, म्हणजे वाचणाऱ्याला दिसतं की पहिल्या दोन वर्षांत पोरगी घसरली आणि नंतरचे सलग ३० क्रेडिट ए आहेत. एकूण आकडा फारसा हलत नाही, पण चढती रेघ दिसते, आणि कमी जीपीएवाल्याकडे दाखवायला तीच रेघ असते.

याच्यातच पोटचूक म्हणजे जुने विषय परत परत करणं. आपल्याला वाटतं री-टेक केलं की जुना सी जाईल. जात नाही. ॲमकॅस दोन्ही ग्रेड धरतं, आणि डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीची डॉक्टर पदवी देणाऱ्या, कॉलेजांच्या अर्जाच्या वेबसाइटवर, ॲकोमासमध्ये, पूर्वी नवा ग्रेड जुन्याच्या जागी बसायचा तेही २०१७ पासून बंद झालं, तरी अजून लोक एकमेकांना तेच सांगतात. विषयात सी मायनस किंवा खाली असेल तर परत करावाच लागतो कारण बरीच कॉलेजं तो प्री-रेक्विझिट (प्रवेशाआधी लागणारा विषय) म्हणून धरतच नाहीत. सी किंवा वर असेल तर पुढचे विषय घ्या, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायोलॉजी, आणि त्यात ए काढा. लेकीने दिवसा एका क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंटचं काम आणि संध्याकाळी एका सेमिस्टरला दोनच विषय असं दोन वर्षं केलं. पहिल्या सेमिस्टरला तिला चार घ्यायचे होते, घाई अजून गेली नव्हती, मी हट्टाने दोनच घ्यायला लावले आणि तो एक निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

एसएमपीत उडी

एसएमपी, स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम, म्हणजे मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय घ्यायचे, काही ठिकाणी तर मेडिकलच्या मुलांबरोबरच, आणि दाखवून द्यायचं की झेपतं. जॉर्जटाऊनचा कोर्स १९७५ पासून चालू आहे. चांगला रस्ता आहे पण खर्चिक, आणि तिथले मार्क ग्रॅज्युएट म्हणून वेगळे धरतात, अंडरग्रॅडचा जीपीए त्याने एक पॉइंटही वर जात नाही. आणि तिथे बी आले तर मग सांगायला काही उरत नाही. म्हणून आधी पोस्ट-बॅकमध्ये अभ्यासाची सवय लागू द्या, मगच हा विचार करा.

एमकॅट नुसताच परत देणं

एमकॅट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, त्यात ५०३ होते, परत देऊन ५०८ होतील अशा आशेवर तारीख बुक करायची नाही. एका वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदा एवढीच परवानगी आहे आणि कॉलेजला सगळे स्कोअर दिसतात. जीपीए कमी असला की परत देऊन स्कोअर खाली गेलेला फार महागात पडतो. एएएमसीच्या, म्हणजे एमकॅट घेणाऱ्या संस्थेच्या, अधिकृत फुल लेंथ टेस्ट घरी खऱ्या वेळेत, मधल्या ब्रेकसकट द्यायच्या, शेवटच्या तीन-चारांची सरासरी हवी तिथे आली की मगच बसायचं, नाही आली तर तारीख पुढे ढकला. आणि हो, थांबायचं ठरवलं असेल तर जुना स्कोअर चालतो का तेही बघा, बरीच कॉलेजं दोन-तीन वर्षांपर्यंतचाच धरतात.

कॉलेजांची यादी नावं बघून करणं

आमच्या २२ मधली निम्मी दुसऱ्या स्टेटची सरकारी कॉलेजं होती. मिसिसिपीचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा ईस्ट कॅरोलायनाचं ब्रॉडी, ही फक्त आपल्याच स्टेटच्या मुलांना घेतात, बाकीची सरकारी कॉलेजंही घरच्यांना झुकतं माप देतात. एमएसएआर, म्हणजे एएएमसीची कॉलेजांच्या प्रवेशाची माहिती, विकत घ्या, त्यात दिसतं की बाहेरच्या किती मुलांना इंटरव्ह्यूला बोलावलं, आणि सरासरी जीपीए सोडून खालच्या १० टक्क्यांचा आकडा बघा. आपलं मूल त्याच्याही खाली असेल तर तिथे पैसे घालू नका.

आणि डीओ. इथे मी जरा कळकळीने बोलते. मंडळाच्या गणपतीत एक काकू लेकीला म्हणाल्या, डीओ म्हणजे खरा डॉक्टर नाही ना गं? पोरगी काही बोलली नाही, घरी येऊन रडली. डीओला अमेरिकेच्या ५० ही स्टेटमध्ये पूर्ण प्रॅक्टिस करता येते, २०२० पासून एमडी आणि डीओच्या रेसिडेन्सीचं (डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगचं) ॲक्रेडिटेशन एकच झालंय, आणि २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, एमडीच्या ९३.५ टक्के सीनियर मुलांना जागा मिळाली तर डीओच्या ९२.३ टक्के. बाहेरच्या देशात, म्हणजे कॅरिबियन किंवा भारतात, शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांचं त्याच वर्षीचं प्रमाण होतं ६७ टक्के. तेव्हा डीओ नको म्हणून कॅरिबियनला पाठवायच्या आधी हे आकडे घरात सगळ्यांनी बघावेत.

तेच स्टेटमेंट, तीच कारणं

५३०० कॅरेक्टरमध्ये पहिल्या वेळी तिने अर्धी जागा मार्क कमी का पडले यात घालवली होती. ते दोन ओळींत बसतं, काय झालं आणि मग मी काय बदललं. उरलेलं पान पेशंटबद्दल हवं. क्लिनिकमध्ये एक आजोबा दर मंगळवारी बीपी मोजायला यायचे, मशीन लावायच्या आधी आपली शर्टाची बाही स्वतः नीट घडी घालून वर करायचे आणि तेवढ्या वेळात घरचं सगळं सांगायचे, बायको गेल्यापासून जेवण करावंसं वाटत नाही हे तिला त्या अर्ध्या मिनिटात कळलं आणि तिने डॉक्टरांना सांगितलं. दुसऱ्या वेळचं स्टेटमेंट इथून सुरू झालं. पहिल्या वेळी काय होतं तर सुट्टीत कोल्हापूरला मामाच्या दवाखान्यात काढलेले दोन आठवडे. मामाबद्दल आदर आहे, पण ओळखीच्या माणसाकडे बसून बघणं आणि इथल्या पेशंटबरोबर दीड-दोन वर्षं काम करणं यात वाचणाऱ्याला फरक कळतो.

उशीर, आणि विसरलेली ट्रान्सस्क्रिप्ट

अर्ज साधारण मे अखेरीपासून सबमिट करता येतो. आम्ही पहिल्या वेळी ऑगस्टमध्ये केला आणि तो महिनाभर अडकून पडला, का, तर हायस्कूलमध्ये असताना तिने कम्युनिटी कॉलेजचा एक कॅलक्युलसचा कोर्स केला होता त्याची ट्रान्सस्क्रिप्ट मागवायचीच राहिली होती. कॉलेज क्रेडिटचा एक कोर्स जरी कुठे केला असेल तरी ती लागतेच, सगळ्या येईपर्यंत व्हेरिफिकेशन, म्हणजे ॲमकॅसची मार्कांची तपासणी, सुरूच होत नाही, आणि गर्दीच्या दिवसांत ते सुरू झाल्यावरही सहा-आठ आठवडे लागतात. दुसऱ्या वेळी मेच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या मागवल्या. एमकॅटचा निकाल यायचा होता तरी एकच कॉलेज निवडून अर्ज सबमिट केला म्हणजे व्हेरिफिकेशनचा नंबर लागतो, बाकीची कॉलेजं नंतर जोडता येतात.

सेकंडरीचे निबंध आले की दोन आठवड्यांत परत पाठवायचे. प्रश्न दरवर्षी फारसे बदलत नाहीत, त्यामुळे मागच्या वर्षीचे काढून जूनमध्येच लिहायला घेता येतात. लेक त्या जुलैत रोज क्लिनिकमधून येऊन जेवून नऊला बसायची, मी शेजारी भाजी निवडत बसायचे, काही विचारायचं नाही एवढं मी शिकले होते. शेवटचा निबंध ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेला आणि सप्टेंबरमध्ये पहिल्या इंटरव्ह्यूचा मेल आला, एका डीओ कॉलेजचा, आता ती तिथेच दुसऱ्या वर्षाला आहे.