टार्गेट पूर्ण, पण माणसं गप्प? मॅनेजरनी या चुका टाळा

टार्गेट गाठलं तर इन्सेन्टिव्ह, हुकलं तर मेमो. देवाणघेवाणीवर चालणारं हे नेतृत्व मुळातच वाईट, असं मला वाटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. त्यात ठरल्याप्रमाणे बक्षीस देणं येतं, चुकांवर सतत डोळा ठेवणं येतं आणि बिघडल्यावरच लक्ष घालणंही येतं. पहिल्याला कर्मचारी चांगली साथ देतात, शेवटच्याने वैतागतात. गंमत अशी की साहेबांना वाटतं आपण पहिलं करतोय, आणि टीम अनुभवत असते शेवटचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शब्द फिरवणं. तिमाही अर्ध्यावर आली, टीम जोरात आहे, म्हणून टार्गेट वाढवलं. पुढच्या तिमाहीत काय होतं? हातात आलेली ऑर्डर लोक दाबून ठेवतात, आकडा जेमतेम गाठतात आणि थांबतात. याला आळस म्हणू नका, तो हिशेब आहे. बदल करायचाच तर पुढच्या तिमाहीपासून, आणि लेखी.

दुसरी चूक मोजमापाची. जे मोजाल तेच मिळेल. कॉल किती मिनिटांत संपला एवढंच पाहिलं, तर ग्राहकाचं काम होवो न होवो, फोन ठेवला जाणारच. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या दबावाखाली ग्राहकांच्या परवानगीशिवाय खाती उघडली गेली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. टार्गेट लावण्याआधी टीमलाच विचारा: काम न करता हा आकडा कसा दाखवता येईल? उत्तर त्यांना ठाऊक असतं.

वाईट बातमी नेहमी शेवटच्या दिवशीच कळते का? मग मीटिंगमधल्या शांततेला होकार समजू नका, ती भीती आहे. चूक लवकर सांगणाऱ्याला मेमो नको.

आणि प्रत्येक गोष्टीला दर लावू नका. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवायचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा, पैसे थांबल्यावर, त्या कोड्यांमधला रस कमी झाला. नवख्याला आपणहून शिकवणाऱ्याला तासाचा भत्ता देऊ नका, त्याचं नाव घेऊन चारचौघांत कौतुक करा. अर्थात, पगारवाढ टाळायला हे कौतुक वापरलंत, तर तेही टीमला पहिल्याच दिवशी कळतं.