कासवाला कॅल्शियम देताना या चुका टाळा

आपल्याकडे घरात दिसणारं पाण्यातलं कासव बहुधा रेड-इअर्ड स्लायडर असतं. त्याचं कवच मऊ लागलं की लोक आधी कॅल्शियमची पावडर आणतात. पुष्कळदा कमी पडलेलं असतं ते ऊन. उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे कासवाच्या कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय पोटातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे बंद खिडकीतलं ऊन निरुपयोगी. सकाळी अर्धा तास गॅलरीत टबात ठेवा, अर्ध्या टबावर सावली करा आणि कावळ्या-मांजरांवर लक्ष असू द्या. काचेचा टँक मात्र उन्हात ठेवू नका. पाणी तापून कासव दगावतं. यूव्हीबीची ट्यूब असेल तर ती उजेड देत राहते, पण किरण कमी होत जातात. साधारण सहा ते बारा महिन्यांनी ती बदला.

पानाचा चुना कासवाला कधीही देऊ नका. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते.

माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये बहुतेकदा डी३ असतं. ते शरीरात साठतं आणि जास्त झालं की मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू लागतं. कासवांच्या चांगल्या पेलेट्समध्येही (दुकानातल्या तयार खाद्यात) डी३ असतंच. रोज ऊन मिळणाऱ्या कासवाला डी३ नसलेलं साधं कॅल्शियम कार्बोनेट पुरे. पावडर पाण्यात टाकली तर नुसतं पाणी गढूळ होतं; ओलसर खाण्यावर चिमूटभर भुरभुरवा. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून दोन-तीनदा, मोठ्याला एकदा.

त्याहून सोपा आणि मला सर्वांत सुरक्षित वाटणारा उपाय म्हणजे समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं, हलकं हाड. पक्ष्यांसाठी तो दुकानात मिळतो. मागचा कडक पापुद्रा काढून तुकडा पाण्यात सोडा. कासव हवं तेवढंच कुरतडतं. काही कासवं कित्येक दिवस त्याला तोंड लावत नाहीत, तरी राहू द्या.

खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं. नुसत्या खिम्यात उलट असतं, आणि पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. त्याऐवजी शेवग्याचा पाला द्या.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं कवच थोडं लवचीक असतंच. पण मोठ्याचं कवच दबत असेल, जबडा रबरासारखा लागत असेल किंवा पाय थरथरत असतील, तर घरी डोस वाढवू नका. कासवांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या आणि एक्स-रे काढून घ्या.