गावाची पूररेषा कशी आखावी, नदीकाठ कसा राखावा

मांजरा, सिंदफणा, तेरणा, दुधना या नद्या वर्षातला बराच काळ इतक्या बारीक वाहतात की काठची सपाट जमीन मोकळीच वाटते. पण ती नदीची पावसाळ्यातली जागा आहे. तिथं मुरूम टाकून भराव केला की तेवढं पाणी दुसऱ्याच्या घरात किंवा समोरच्या काठच्या शेतात शिरतं. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यात किती जमिनी खरडून गेल्या ते सगळ्यांनी पाहिलं. त्या पुराच्या खुणा जिथं अजून दिसतात, तिथं आधी त्या नोंदवा.

नव्या पुराची नोंद मात्र पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत उरका, कारण पुढचा पाऊस खुणा धुतो आणि लोक भिंती रंगवतात. सगळ्यांत भरवशाची खूण घराच्या आतल्या भिंतीवर मिळते. तिथं पाणी संथ असतं, म्हणून गाळाची रेघ सरळ आडवी उमटते. बाभळीला अडकलेल्या पाचोळ्यावर विसंबू नका. ओघात फांदी वाकते, पाणी ओसरल्यावर ताठ होते आणि पाचोळा खऱ्या पातळीच्या वर दिसतो. रेघेवर ऑइलपेंटचा पट्टा मारा, तारीख लिहा, टेप धरून फोटो काढा. वरच्या धरणातून त्या वेळी किती क्युसेक विसर्ग होता तेही लिहा. पुढच्या वेळी विसर्गाचा आकडा आला की पाणी साधारण कुठवर येईल याचा अंदाज बांधता येतो. मात्र स्थानिक पाऊसही जोरात असेल तर पाणी त्याच्याही वर जातं.

ही पातळी इतर घरांवर न्यायला गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी पुरते. नळी पाण्यानं भरा आणि बुडबुडा राहिला नाही ना ते बोटभर अंतरानं तपासा. एक बुडबुडा सगळं मोजमाप बिघडवतो. वाचताना दोन्ही टोकं उघडी हवीत. पातळी टप्प्याटप्प्यानं पुढं न्या आणि शेवटी परत पहिल्या खुणेवर या. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. मुख्य म्हणजे पातळी ओघाला आडवीच न्या. वाहत्या पुराला उतार असतो, त्यामुळे नदीच्या लांबीनं एकच पातळी धरली की खालच्या घरांवर खूण उगाच वर जाते. तिथं नवी खूण शोधा. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, म्हणून पुलाच्या दोन्ही बाजूंना वेगळं मोजा. ओढ्याचं तोंड विसरू नका. नदीला फुगवटा आला की ओढा उलटा भरतो आणि नदीपासून लांबची वस्ती आधी बुडते.

या सगळ्या खुणा गाव नकाशावर गट नंबरनिहाय उतरवा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि नकाशासह जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे पूररेषेच्या आखणीची मागणी करा. पूररेषा दोन असतात: निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा सरासरी 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ ‘पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निश्चिंत’ असा नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी 4 टक्के असते. 25 वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास 64 टक्के. राज्याच्या 2020च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार निळ्या रेषेच्या आत नवी घरं बांधता येत नाहीत. बाग, मोकळी जागा, स्मशानभूमी असे मोजके वापर चालतात. दोन रेषांच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर हवं. नवं घर नमुना 8ला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) लावण्याआधी ग्रामपंचायतीनं गट नंबर या नकाशावर पाहावा. घर उभं राहिल्यावर ते हलवणं फार अवघड होतं.

काठावर मातीचा बांध घालण्याचा मोह टाळा. तो पाणी समोरच्या काठावर ढकलतो, आणि फुटला की आत शिरलेलं पाणी बाहेर पडू देत नाही. नदीचं वळण सरळ करणंही तसंच, वेग वाढून खालच्या गावाचा काठ कापला जातो. त्यापेक्षा काठालगत दहा-पंधरा मीटर पट्टा न नांगरता सोडा. धारेला वाळा आणि निर्गुडी, मागं करंज आणि उंबर लावा. बेशरम आणि वेडी बाभूळ मात्र काढत राहा, ती पात्र अडवते. पुलाच्या तोंडाशी दाट झाडी लावू नका. पट्ट्याच्या मागच्या जमिनीत पूर ओसरल्यावर रब्बीची ज्वारी, हरभरा घ्या. वीटभट्टीला तिथला गाळ देऊ नका.

पूररेषा दाखवणाऱ्या हद्दीच्या दगडांवरचा निळा-लाल रंग दर वर्षी मृगाआधी नव्यानं द्या आणि त्याच दिवशी ओढ्याच्या तोंडाला साचलेला कचरा काढा.