एनएफएल विजेत्यांची बिनचूक यादी कशी करावी

अमेरिकेतील एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या विजेत्यांची यादी करताना यादी कोठून सुरू करायची, हे आधी ठरवावे. लीगची स्थापना १९२० साली झाली, तर पहिला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, १५ जानेवारी १९६७ रोजी खेळला गेला. यादी सुपर बोलपासून सुरू केल्यास न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स हे संघ प्रत्येकी ६ विजेतेपदे मिळवून बरेच वर दिसतात. १९२० पासून केल्यास ग्रीन बे पॅकर्स १३ आणि शिकागो बेअर्स ९ विजेतेपदांसह त्यांच्या पुढे जातात. म्हणून तक्त्याच्या शीर्षकातच 'सुपर बोल' की 'लीगचे विजेतेपद' हे स्पष्ट लिहावे.

वर्ष नेहमी हंगामाचे लिहावे. अंतिम सामना पुढच्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत होत असल्याने इथे हमखास घोळ होतो. न्यूयॉर्क जेट्सने बाल्टिमोर कोल्ट्सला १६-७ असे हरवले ते जानेवारी १९६९ मध्ये, पण ते विजेतेपद १९६८ च्या हंगामाचे आहे. रणजी करंडकासारखी जोडवर्षे लिहिण्याची पद्धत तिकडे असती, तर हा प्रश्नच उरला नसता.

१९६६ ते १९६९ या चार हंगामांसाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत, कारण त्या काळी एनएफएल आणि एएफएल या दोन वेगळ्या लीग होत्या आणि त्यांचे विजेते सुपर बोलमध्ये एकमेकांशी खेळत. त्यामुळे १९६८ चा एनएफएल विजेता कोल्ट्सच राहतो, सुपर बोल मात्र जेट्सचा. पॅकर्सची बेरीज करताना विशेष जपावे: १९६६ आणि १९६७ मध्ये त्यांनी दोन्ही जिंकल्यामुळे ११ लीग विजेतेपदे आणि ४ सुपर बोल मिळून १५ असा चुकीचा आकडा सहज येतो.

सर्वांत चिकट काम १९३२ पर्यंतच्या नोंदींचे. तेव्हा नियमित अंतिम सामना नव्हता. गुणतक्त्यात विजयांचे प्रमाण पाहिले जाई आणि बरोबरीत सुटलेले सामने चक्क सोडून दिले जात. १९३२ मध्ये बेअर्स ६ विजय, १ पराभव, ६ बरोबरी, आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स ६ विजय, १ पराभव, ४ बरोबरी असे समान ठरले. मग शिकागोत बंदिस्त सभागृहात, आखूड मैदानावर जादा सामना झाला आणि तो बेअर्सने ९-० असा जिंकला. १० विजय, ३ पराभव आणि १ बरोबरी असलेले पॅकर्स मागे राहिले. बरोबरीला अर्धा विजय मानण्याचा, १९७२ पासूनचा नियम लावला तर पॅकर्सचे प्रमाण ०.७५० येते आणि बेअर्सचे, तो जादा सामना धरूनही, ०.७१४. तरीही यादीत बेअर्सच लिहावेत. नियम त्या-त्या काळाचा धरायचा आणि असा हिशेब तळटीपेत द्यायचा. १९३३ पासून अंतिम सामने सुरू झाल्याने पुढचे काम सोपे आहे.

शेवटी स्थलांतरित संघ तपासावेत. कोल्ट्स १९८४ मध्ये इंडियानापोलिसला गेले, तेव्हा बाल्टिमोरमधील विजेतेपदेही त्यांच्यासोबत गेली. याउलट १९९६ मध्ये क्लीव्हलंडचा संघ बाल्टिमोरला गेला, तेव्हा ब्राउन्स हे त्याचे नाव आणि इतिहास क्लीव्हलंडकडेच ठेवण्यात आला. त्यामुळे ब्राउन्सची ४ एनएफएल विजेतेपदे रेव्हन्सच्या, म्हणजे बाल्टिमोरला गेलेल्या त्या संघाच्या, नावापुढे लिहू नयेत.