धातूचा पाईप: कोणता घ्यावा, कसा राखावा

धातू उष्णता ओढून घेतो, पण ओल पीत नाही. तंबाखू ओढायच्या धातूच्या पाईपचे गुण आणि खोड्या दोन्ही इथूनच निघतात. ब्रायर (पाईपसाठी वापरलं जाणारं एका झुडपाचं कठीण लाकूड) धुरातली वाफ थोडीफार शोषतं. ॲल्युमिनियमच्या दांडीत तीच वाफ गार होऊन काटासकट (तंबाखूच्या काळ्या चिकट मळासकट) साचते. वेळेवर पुसली नाही की गुडगुड सुरू होते आणि कडू थेंब थेट जिभेवर येतो. (धूर गार झाला म्हणून तंबाखूचा अपाय कमी होत नाही, हा गैरसमज नको.)

नवख्याने फाल्कन या छापाचा पाईप घ्यावा. दांडी ॲल्युमिनियमची, तंबाखू भरायची वाटी ब्रायरची. वाटीच्या बुडाला आटे असतात आणि ती दांडीच्या टोकाच्या खोलगट बशीत फिरवून बसवायची. ओल त्या बशीत जमते, म्हणून साफ करणं सोपं. एका दांडीवर दोन-तीन वाट्या ठेवता येतात. एक वापरली की दिवसभर वाळू द्यावी.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वैमानिकी शिकवणारे प्रा. फ्रेडरिक कर्स्टन यांनी १९३०च्या दशकात काढलेला पाईप जास्त यंत्रासारखा. जाड नळी, तिच्यात आणखी एक बारीक नळी, पुढच्या टोकाला फिरणारी झडप. धूर छान गार होतो, पण काट सुकला की सगळे भाग एकमेकांना चिकटतात. रोज पुसायचा कंटाळा असेल तर हा घेऊच नका.

किसेरू या जपानी पाईपची गोष्ट वेगळी. वाटी आणि तोंडी धातूची, मधली दांडी बांबूची. वाटी इतकी लहान, की केसासारखी बारीक कापलेली किझामी तंबाखू वाटाण्याएवढी भरायची. तीन-चार झुरक्यांत संपते. नेहमीची जाड पाईप-तंबाखू तिच्यात धड पेटत नाही. अखंड धातूची किसेरू दिसते देखणी, पण लवकर तापते; बांबूवालीच बरी.

बाजारात मिळणारे मुलामा दिलेले स्वस्त पितळी पाईप टाळावेत. वाटीच्या आत, ज्वाळेजवळ, मुलाम्याचे पापुद्रे सुटतात.

जुना पाईप घेताना दांडी उजेडाकडे धरून आरपार पाहा, आटे हाताने फिरवून बघा. तांब्या-पितळेत आतून हिरवा कळंक किंवा ॲल्युमिनियममध्ये पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर तो शोभेपुरताच.

आता निगा. पाईप पूर्ण गार होईपर्यंत, निदान वीस मिनिटं, वाटी उघडू नका. ॲल्युमिनियम मऊ, गरम असताना जोर लावला की आटे कातरले जातात आणि मग वाटी कायमची डुगडुगते. बसवताना आधी वाटी उलटी फिरवा, आटे जागेवर आल्याची बारीक ‘टक’ जाणवली की सुलटी फिरवा, आणि हाताला अडली की थांबा. पक्कड नको.

प्रत्येक वापरानंतर बशी कागदाने पुसा, दांडीतून कोरडा पाईप क्लीनर (लव असलेली बारीक तार) काढा. आठवड्यातून एकदा क्लीनर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून फिरवा, मग कोरडा, आणि रात्रभर उघडा ठेवा. अल्कोहोल धातूच्या नळीपुरतंच. प्लॅस्टिकची तोंडी कोमट पाण्याने धुवावी. हाताचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यातला चिकटा आत राहतो. ॲल्युमिनियमला सोडा लावला तर ते काळं पडतं. पितळेला चिंच किंवा पीतांबरी लावायची तर फक्त बाहेरून, आणि नक्षीकाम केलेल्या किसेरूला तेवढीही नको. आट्यांना खाद्यतेल लावलं तर ते तापून डिंकासारखं घट्ट होतं.

ब्रायरच्या वाटीत राखेचा थर बसू द्यावा, पण एक मिलिमीटरच्या वर गेला की बोथट पात्याने खरवडावा. जाड थर तापून फुगतो आणि लाकडाला तडा देतो.

किसेरू साफ करायला जपानात कागदाची पिळलेली वात वापरतात; टिश्यू टिकत नाही, चिवट हातकागद घ्यावा. राख झाडताना वाटी दगडावर किंवा धातूवर आपटू नये, काठ चेपतो. बांबूच्या तुकड्यावर हलकेच ठोकावी. बांबू तडकला तर धातूची टोकं गरम पाण्यात धरून सैल करा, त्याच जाडीचा वाळलेला नवा बांबू घाला. हा इतका नेमाने लागणारा उद्योग होता, की जपानी शहरांत दांड्या बदलून देणारे फिरते कारागीर असत.